तिसऱ्यांदा सांगताना

किसुमूच्या सरोवराकाठी, मिशनच्या अतिथिगृहात
आम्ही चौदा जणी,
निरनिराळ्या वॉर्डांच्या मुख्य परिचारिका,
प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कडं करून बसलेलो.
समोरच्या छपरावर मराबू करकोचे,
निवृत्त हेडमास्तरांसारखे, खांदे पाडून.
नैरोबीहून आलेल्या गथोनीबाई म्हणाल्या,
"माणसं सांभाळायची तर आधी स्वतःला वाचता यायला हवं.
प्रत्येकीने एक गोष्ट सांगा. आपली. खरी.
चार मिनिटांत."

चार मिनिटं!
आमच्याकडे ससा हत्तीला फसवायला
अख्खी रात्र घेतो.

मी ऑक्सिजनची रात्र सांगितली.
वीज गेलेली, जनरेटरला डिझेल नाही,
सात नंबरच्या खाटेवर न्यूमोनियाचं पोर,
नखं जांभळी.
मी धावले. मी भांडार उघडलं.
मी दुसरा सिलिंडर ओढत आणला.
पोर वाचलं.
टाळ्या पडल्या.
गथोनीबाईंनी तेवढी टाळी वाजवली नाही.
पेनाला टोपण लावत विचारलं,
"खोलीत आणखी कोण होतं?"

चहातल्या आल्यापेक्षा
तो प्रश्न जास्त झोंबला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली.
जुन्या उशीला नवा अभ्रा घालावा
तसं 'मी'च्या जागी 'आम्ही' घातलं.
आम्ही धावलो, आम्ही आणला, आम्ही वाचवलं.
तोंडाने 'आम्ही' म्हणत होते
आणि डोळ्यांपुढे एकही चेहरा नव्हता.
"वार्षिक अहवाल झाला की गं हा,"
बुसियाची कॉन्सोलाटा पुटपुटली.
सगळ्या हसल्या.
मीही हसले, जरा उशिरा.

रात्री मच्छरदाणीत डोळा लागेना.
जलपर्णीत कुठे तरी पाणघोडा फुरफुरत होता,
आणि मी बंद पंख्याला गोष्ट सांगत होते.
पहिल्यापासून. हळू. धावणं वगळून.
तेव्हा खाटेच्या पायथ्याशी, अंधारात,
हात मागे बांधून उभी असलेली
सायप्रोज दिसली.
दोन महिन्यांची नवखी. गणवेश मोठा होत होता तिला.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याबद्दल बोलले.
सिलिंडरचा काटा खाली येतोय हे तिने पाहिलं होतं,
तीनदा सांगितलं होतं,
आणि मी म्हणाले होते, "गप्प बस, हे माझं रोजचं आहे."
वीस मिनिटं गेली, मग मी धावले.
या वेळी टाळ्या नाहीत.
गथोनीबाईंनी आपली खुर्ची
वीतभर पुढे ओढली, एवढंच.
संध्याकाळी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र मिळालं.
त्यावर माझं नाव, रिस्पर आवुओर,
पहिल्यांदाच अचूक छापलेलं.
वाटलं, झालं. लागला आपल्याला आपला पत्ता.

सोमवारी रात्रपाळीला सायप्रोजला म्हणाले,
"माफ कर. काट्याचं तू तीनदा सांगितलं होतंस."
ती गॉजच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.
"तीनदा नाही, सिस्टर. एकदाच.
आणि काट्याचं नाही, गळतीचं. सूं असा आवाज येत होता.
मी आपल्या बोलीत सांगितलं.
तुम्ही म्हणालात, इंग्रजीत सांग, नीट.
मला गळतीचा शब्द आठवेना.
आठवेपर्यंत वीस मिनिटं गेली."

मी रजिस्टर उघडलं,
मिटलं.
म्हणजे माझी कबुलीसुद्धा
मी माझ्या मापाने शिवली होती.

प्रमाणपत्र थर्मामीटरच्या खणात आहे.
गोष्ट आता सायप्रोजकडे आहे.
चहाच्या खोलीत नव्या पोरींना ती सांगते,
आमच्या बोलीत, हातवारे करत,
सूं चा आवाज अगदी हुबेहूब.
चार मिनिटांत मुळीच नाही.
तिच्या गोष्टीत
माझ्या कमरेच्या किल्ल्या
माझ्या आधी खोलीत शिरतात
आणि सगळ्या गप्प होतात.

मी दाराबाहेर उभी राहून ऐकते.
किल्ल्या मुठीत घट्ट धरून.